नखाएवढ्या अंतरातले चार व्होल्ट

बॅटरीच्या बाबतीत पर्वानला शिकवू शकेल असा माणूस डॅन्यूबकाठच्या त्या पट्ट्यात नव्हता. चौतीस वर्षं तो शहरातल्या बस आगारात इलेक्ट्रिशियन होता. नवे कामगार भरती झाले की मीटरला हात लावू देण्याआधी तो त्यांच्याकडून आकडे घोकून घ्यायचा. उभ्या गाडीची बॅटरी बारा पूर्णांक सहा व्होल्ट दाखवते तेव्हा भरलेली, बारा पूर्णांक दोनला अर्धी, अकरा पूर्णांक आठला रिकामी. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. घोकून झालं की वर दम द्यायचा, "आणि उभ्या बॅटरीवर विश्वास ठेवलात तर फसाल. खाटेवर पडलेल्या माणसाची ताकद कळते का? ओझं द्या, मग आकडा बघा."

आगार बंद पडलं, मुलगा स्पेनला गेला तो तिकडचाच झाला, आणि पर्वान बायकोला, गेनाला, घेऊन सुहोदोलला परतला. गावात अकरा माणसं उरली होती, त्यात पुरुष दोनच. एक हा आणि दुसरा निवृत्त पोस्टमन वेल्को, ज्याच्याकडे वाहन म्हणायला एक गाढव होतं. तरी बरं चाललं होतं. भाजीचा वाफा, पीपभर आंबवलेला कोबी, फाटकाशी उभी जुनी लाल गाडी. मग गेनाच्या किडन्या गेल्या.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार. सेहेचाळीस किलोमीटर जायचं, चार तास डायलिसिसच्या यंत्राला बांधून घ्यायचं, परत यायचं. पाणी कॉफीच्या इवल्या कपाने मोजून. कोबीचं खारं पाणी, जे तिने जन्मभर थंडीत पेल्याने प्यायलं, ते साफ बंद.

खेड्यापाड्यांतल्या रुग्णांना न्यायला इस्पितळाची व्हॅन होती. सुरुवातीला गेना तिनेच जायची. पण व्हॅन उशिरा यायची, हाडं खिळखिळी करायची, आणि एकदा तिला परत सोडायला रात्रीचे नऊ वाजले. पर्वानचं डोकं फिरलं. "माझी बायको काय पार्सल आहे?" असं इस्पितळाच्या खिडकीवरच्या बाईला सुनावून त्याने कागदावर सही ठोकली: रुग्णाकडे स्वतःचं वाहन आहे. नाव यादीतून गेलं. गेना म्हणाली, "म्हाताऱ्या, गाडी बंद पडली तर?" त्यावर तो हसला. त्याची गाडी, आणि बंद?

जानेवारीत तिकडे उणे अठरा होतं. अशा थंडीत सगळं गाव पूर्वीपासून करत आलं तेच पर्वान करायचा. संध्याकाळी बॅटरी सोडवायची, कडेवर घेतल्यासारखी घरात आणायची, चुलीपासून हातभर अंतरावर ठेवायची आणि पहाटे परत बसवायची. गारठलेल्या बॅटरीचं बळ निम्म्यावर येतं, हे खरंच आहे. पण रोज आवळ-सोड करून बॅटरीच्या शिशाच्या खुंट्या झिजतात, हेही तितकंच खरं. झिजलेल्या खुंटीवर तारेचं टर्मिनल घट्ट बसेना, तेव्हा पर्वानने वाटाण्याच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली आणि खुंटीभोवती गुंडाळून वरून टर्मिनल आवळलं. आगारात कुणी असला उद्योग केला असता तर त्याने त्याला सगळ्यांदेखत सोलला असता. पण घरची गाडी. आणि काम तर भागलं होतं.

शुक्रवारी पहाटे त्याने चावी फिरवली आणि नुसता 'टक' आवाज आला.

पुन्हा चावी. पुन्हा टक. गेना कोट घालून पायरीवर उभी होती. "घरात जाऊन बस, गारठशील," तो म्हणाला. "पाच मिनिटं."

मीटरच्या दोन सुया त्याने बॅटरीच्या दोन खुंट्यांवर टेकवल्या. बारा पूर्णांक सहा. मग सुया चिमट्यांनी तिथेच अडकवल्या, खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि मान वळवून आकडा पाहिला. बारा पूर्णांक एक. इतक्या ओझ्याखाली इतका कमी उतार! बॅटरी ठणठणीत होती. मग दोष सेल्फमध्ये, इंजिनाला पहिला हिसका देणाऱ्या त्या मोटरमध्येच असणार. आतले कार्बनचे ठोकळे झिजले असतील. पर्वानला शंकाही आली नाही. अनुभवी माणसाला येत नाही, तीच तर पंचाईत.

त्याने इस्पितळाला फोन लावला. खिडकीवरच्याच बाईने उचलला. "काका, तुमचं नाव यादीत नाही. तुम्हीच काढलंत."

"मग घाला परत."

"अर्ज करा. पुढच्या महिन्यापासून होईल."

शनिवार-रविवार तो बर्फावर पोतं टाकून गाडीखाली पडून होता. सेल्फ काढला, घरात आणून जेवणाच्या टेबलावर खोलला. कार्बन अजून वर्षभर चालले असते. तरी त्याने ते घासले, आतलं तांबं सँडपेपरने चकाकवलं, वंगण दिलं. समोरच्या खाटेवर गेना उशीला टेकून बसली होती. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते.

"म्हाताऱ्या, अर्धा पेला खारं पाणी दे ना कोबीचं."

"वेडी झालीस? विष आहे ते तुला."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

रविवारी दुपारी तिला उताणं झोपवेना, धाप लागत होती. त्याने तातडीच्या नंबरवर फोन केला. पलीकडून विचारलं, बोलतेय का? शुद्धीवर आहे का? मग गाडी मोकळी झाली की पाठवू. पत्ता दोनदा लिहून घेतला. गाडी आली नाही. स्पेनहून मुलाचा फोन आला तेव्हा तीच बोलली. छान आहोत म्हणाली, थंडी आहे म्हणाली.

सोमवारी उजाडता उजाडता पर्वानने सेल्फ जागेवर चढवला, चुलीजवळची बॅटरी नेऊन बसवली, चावी फिरवली.

टक.

तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. काचेवर टकटक झाली. वेल्को होता, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"काय मेस्त्री, गाढव आणू का माझं? चावी लागत नाही त्याला."

"चालता हो."

"तारा तपासल्यास का? आमच्या पोस्टाच्या गाडीला दर वेळी तारांचंच दुखणं असायचं."

"पोस्टातल्या माणसाने मला शिकवायचं?"

"शिकवत नाही रे बाबा. चावी फिरवायला तरी बसू दे. दोन हातांत तू काय काय धरणार?"

आणि तेच तर खरं होतं. आजवर चावी गेना फिरवायची आणि पर्वानचे दोन्ही हात मीटरला मोकळे असायचे. एकट्याने चिमटे लावून त्याने फक्त बॅटरी मोजली होती. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची वाट मोजलीच नव्हती.

वेल्को आत बसला. पर्वानने एक सुई सेल्फच्या जाड तारेच्या टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. "फिरव." सात पूर्णांक आठ. म्हणजे बॅटरीतून बारा निघत होते आणि सेल्फला आठही पोचत नव्हते. चार व्होल्ट वाटेत गडप होत होते. हे तो कामगारांना पहिल्या आठवड्यात शिकवायचा: ओझं देऊनही बॅटरी वाकत नसेल तर खूश होऊ नका, तिचं बळ पुढे जातच नसेल. वाटेचा एकेक तुकडा मोजा. तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दशांश दोनपेक्षा जास्त दिसलं की चोर सापडला.

जाड तार मोजली. दशांश एक. इंजिनाची अर्थिंग, तेवढीच. मग बॅटरीकडे येऊन त्याने एक सुई शिशाच्या खुंटीवर टेकवली आणि दुसरी त्याच खुंटीला आवळलेल्या टर्मिनलवर. मध्ये नखाएवढं अंतर. तिथे शून्यच दिसायला हवं.

"फिरव."

चार पूर्णांक एक.

त्याने टर्मिनल सोडवलं. वाटाण्याच्या डब्याची पट्टी ॲसिडच्या वाफेने खाल्ली होती. हिरवट पांढरा भुगा आणि खाली गंज. बोट लावताच तुकडे पडले.

"काय रे ते?" वेल्कोने मान बाहेर काढून विचारलं.

"मी," पर्वान म्हणाला.

खुंटी आणि टर्मिनल सुरीने खरवडून, एका जुन्या तारेतली तांब्याच्या बारीक तंतूंची बट सोडवून त्याने ती खुंटीभोवती घट्ट गुंडाळली. दहा मिनिटांचं काम. वेल्कोने चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच हिसक्याला गरजून उठलं.

तो धावतच घरात शिरला. "ऊठ, म्हातारे! चालू झाली. तासाभरात पोचतो."

गेना खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती. सकाळीच त्याने तिला कोट आणि बूट चढवून ठेवले होते. ती उठली नाही.

"मी येत नाही."

"अगं, गाडी चालू आहे. ऐक ना आवाज."

"ऐकतेय." श्वास घ्यायला ती थांबली. "शुक्रवारी ती टक वाजली ना, तू रडकुंडीला आला होतास. आणि मला, खरं सांगते, शाळेला सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं."

"चूक माझी होती गेना. पत्र्याची पट्टी. यादीतून नाव मी काढलं. सगळं मीच. मला फेडू तरी दे."

"तुला फेडता यावं म्हणून मी सुया टोचून घेऊ? तीन वर्षं घेतल्या, म्हाताऱ्या. तुझ्यासाठीच घेतल्या. आता नको."

तो तिच्यापुढे जमिनीवर बसला. उचलून न्यावं? न्यायची ताकद अजून त्याच्यात होती. त्याने तिच्या काखेत हात घातलेही. तिने ढकललं नाही, ओरडलीही नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेपुढे त्याचे हात आपोआप खाली आले.

"पाय फार दुखताहेत," ती म्हणाली. "बूट काढ."

बाहेर इंजिन एकसुरात चाललं होतं. "मेस्त्री, येतोस का?" वेल्को ओरडला. "पेट्रोल जळतंय फुकट!"

पर्वान तिच्या बुटाच्या नाडीवर वाकला. सुजेने नाडी मांसात रुतली होती, गाठ सापडत नव्हती. गारठलेल्या, काळ्या पडलेल्या बोटांनी तो ती चाचपत राहिला.