बंदराच्या तोंडावरचे दगड

भारतीय नौदलाच्या हायड्रोग्राफिक, म्हणजे समुद्रतळाचे नकाशे करणाऱ्या शाखेतून चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि २०२० मध्ये बायकोच्या नोकरीपाठोपाठ आयर्लंडला आलो. ती मलिंगारला डॉक्टर. मला काम मिळालं पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या बंदरात, सर्व्हे लाँचवर. सोमवार ते शुक्रवार मुक्काम तिथेच. पाण्याची खोली मोजायची, वाट दाखवणारे तरंगते बोये तपासायचे.

माझा जोडीदार डोनल, आयरिश नौदलातला निवृत्त बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. तो मला 'चीफ' म्हणायचा, मी त्याला 'बोसन'. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात इथल्या उपाशी माणसांनी वाटीभर पेजेसाठी धक्का बांधला, खडक फोडून बोटींना वाट केली. त्यात त्याचे पूर्वज होते. तो हे चहा पिता पिता सांगायचा, आवाज न चढवता.

२०२१ च्या सुरुवातीला लॉकडाऊनमुळे आमचा सर्व्हे थांबला. गाळ उपसणाऱ्या कंत्राटदाराचं काम मात्र चालू राहिलं. गाळ आणि दगड लांब समुद्रात टाकायचे होते. डिझेल वाचवायला ते बंदराच्या तोंडाशीच टाकले गेले. आम्हाला पत्ता नव्हता.

एका सकाळी डोनल स्वतःच्या छोट्या बोटीतून खेकड्यांचे पिंजरे उचलायला गेला. मी धक्क्याला बांधलेल्या लाँचची देखभाल करत होतो. रेडिओवर त्याचा आवाज आला.

"चीफ, इथे लाट फुटतेय. तळ लागतोय."

मी विचारलं, "पोझिशन?" उत्तर आलं नाही. पोचलो तेव्हा बोट उलटी होती. तो दुपारी सापडला.

अंत्यविधीला चर्चमध्ये मोजक्याच माणसांना परवानगी होती. बाकी गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंतर ठेवून उभं राहिलं. कंत्राटदाराचा साइट मॅनेजरही होता. चौकशीत तो म्हणाला, दगड हिवाळ्याच्या लाटांनी आणले. कुणालाच उलट सिद्ध करता येईना. तोंडाशी नवा सर्व्हे अजून झाला नव्हता.

मी थांबलो. मोठ्या लाटांचा दिवस आला तसा त्याला फोन केला. "तोंडाशी पाहणी आहे. या." तो आला. रेडिओ बंदराच्या चॅनलवर लावून माइकचं बटण मी दाबून धरलं आणि वाटेच्या तोंडाशी इंजिन बंद केलं. लाँच लाटांना आडवी झाली.

"इंजिन चालू कर," तो म्हणाला.

"कुठे वळू? डावीकडे?"

"डावीकडे नको. दगड आहेत."

"चार्टवर नाहीत. लाटांनी आणले, तर नेमके कुठे ते तुम्हाला कसं माहीत?"

लाँच सरकत गेली. तळाला काहीतरी घासलं.

"आम्हीच टाकले. डावीकडे आणि बोयाच्या मागे. चालू कर आता."

"कुणी सांगितलं टाकायला?"

"मी."

मी इंजिन चालू केलं. बटण सोडताच हार्बर मास्टरचा आवाज आला. "लाँच, सगळं ऐकलं. परत या. ओव्हर."

धक्क्यावर मच्छीमार उभे होते. सगळ्यांच्या बोटींवर रेडिओ चालू होता. लोखंडी शिडी ओली होती, तो दोनदा घसरला. कुणी हात दिला नाही. वर डोनलची बहीण मॉरा उभी होती.

"तूच का?" तिने विचारलं. त्याने मान खाली घातली.

पोलिसांनी त्याला नेलं. दगड कंपनीला स्वखर्चाने काढावे लागले. लाँच धोक्यात घातली म्हणून मला लेखी समज मिळाली. मी सही केली. पश्चात्ताप नाही. कधी कधी वाटतं, इंजिन आणखी थोडा वेळ बंद ठेवायला हवं होतं.

डोनलच्या थडग्यावर नाव आणि खाली 'बोसन' एवढंच कोरलंय. शुक्रवारी काम संपलं की मी तिथे थांबतो. इथले लोक टोपी काढतात. मी घालतो. आमच्या नौदलात सलाम टोपी घालूनच करतात. सलाम करतो आणि मलिंगारला निघतो.