चुलीपर्यंत

सावेडीला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई नाटक-सिनेमातल्या नावाजलेल्या अभिनेत्री होत्या, पण घरी त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येई. दौऱ्यावरून आल्या की आमच्या पायरीवर बसत आणि सुजलेली पावलं चोळत म्हणत, "वहिनी, चहा टाका. बोलायला मात्र लावू नका."

दुष्काळाच्या वर्षी सोनईच्या प्रयोगाला मी त्यांच्यासोबत गेले. शेवटच्या अंकात मुलाच्या प्रेतापाशी बसलेली आई उठून चुलीकडे जाते. त्या दिवशी बाईंचा गुडघा धरला आणि त्यांना उठताच येईना. त्या तिथंच बसून राहिल्या. लोकांना तो अभिनयच वाटला. अख्खा मांडव रडला.

पडदा पडल्यावर मी आणि नाटकातल्या एका मुलीनं धरून त्यांना उठवलं. गावातले आयोजक धावत आले. "बाई, लई भारी झालं! उद्या नेवाशालाबी असंच बसून ऱ्हावा."

बाईंनी गुडघ्याला पट्टी गुंडाळायला घेतली.

नेवाशाला मात्र त्या खांबाला धरून उठल्या आणि ओठ घट्ट मिटून चुलीपर्यंत गेल्या. टाळ्या जेमतेमच पडल्या.

परतताना एसटीत मी विचारलं, "बसून का नाही राहिलात?"

खिडकीला डोकं टेकून, डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "गेलेल्या मुलाची पोरं घरात उपाशी आहेत, वहिनी. त्या आईला बसून कसं चालेल?"