तिच्या गोष्टीवर घेतलेला संशय

हे सांगायचं मी काही वर्षं टाळत आलो. लेखनवर्ग का बंद केलात, असं कुणी विचारलं की मी गुडघ्यांचं कारण पुढे करायचो. गुडघे दुखतात हे खोटं नाही. पण मंडळाच्या हॉलचा जिना मी त्याच गुडघ्यांनी नंतरही चढत होतो, पत्ते खेळायला.

नोकरीची सगळी वर्षं मी सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलं. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या लूम म्हणजे यंत्रमाग कामगारांची. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती आणि माझ्या तासाला पुस्तकातलं मराठी. निबंध मात्र सगळ्यांचे एकाच गाईडमधून उतरवलेले. सहा जण एका खोलीत झोपणाऱ्या घरातला पोरगा ‘आमच्या अंगणातील मोगरा’ लिहायचा. मी त्याला उभं करायचो आणि विचारायचो, ‘कुठलं रे अंगण?’ वर्ग हसायचा. वाक्य वाचलं की ते कुणाचं नाही हे मला आधी कळायचं, कुणाचं आहे हे नंतर. पुढे पुढे मला पकडण्याचीच चटक लागली.

निवृत्तीनंतर सुरतेतल्याच लिंबायत भागातल्या आमच्या मराठी मंडळाने रविवारी दुपारी मोठ्यांसाठी लेखनवर्ग सुरू केला आणि तो माझ्याकडे दिला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, दोन-तीन शिक्षिका, सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सुपरवायझर असलेला एक तरुण, आणखी काही जण. त्यांना मी दोन गोष्टी शिकवल्या. आपल्या प्रत्येक वाक्यावर संशय घ्या, हे कुठून आलं ते त्यालाच विचारा. आणि घरची बोली चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून या.

दुसरा नियम कुठून आला होता ते मी कुणाला सांगितलं नाही. मीही धुळ्याकडचा. नवा नवा शिक्षक असताना माझं ‘माले-तुले’ ऐकून स्टाफरूममध्ये हशा पिकला होता. तेव्हापासून मी जीभ घासूनपुसून घेतली. आई गेल्यावर तर माझ्याशी अहिराणीत बोलणारं कुणी उरलंच नाही.

वर्गातली एक बाई सुरतेच्याच गोडादरा भागातून यायची. तिशीतली, दोन मुलांची आई, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. दिवसभर गल्लीतल्या बायकांबरोबर साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायची. वर्गात मागे बसायची आणि काही बोलायची नाही. दिवाळी अंकासाठी मी सगळ्यांकडून लेखन मागितलं तेव्हा तिने चार पानं माझ्या हातात दिली.

‘सर, हे छापून आलं पाहिजे,’ ती म्हणाली. ‘मिस्टर म्हणतात, छापून येत असेल तर जा. नाहीतर रविवारचं घरी काय कमी काम आहे?’

‘बघू,’ मी म्हणालो.

गोष्ट तिच्या सासऱ्यांची होती. त्यांचे कान लूमच्या आवाजाने गेले होते. गावाहून फोन येतो की त्यांचा धाकटा भाऊ वारला. आता हे त्यांना हळू आवाजात कसं सांगायचं? हळू सांगितलं तर ऐकू येत नाही. शेवटी सून त्यांच्या कानाशी जाऊन ओरडते. त्यांच्या आधी सगळ्या गल्लीला ते ऐकू जातं, आणि म्हातारा मान वर करतो तेव्हा दारात बायका उभ्या असतात. त्यात एक वाक्य होतं : ‘लाइट जाऊन लूम बंद पडले की आमच्या गल्लीतली तान्ही पोरं दचकून रडायला लागतात.’

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. माझ्या मनात आलं, हे हिचं नाही.

कारण सांगता आलं नसतं. भाषा फार स्वच्छ होती, एवढंच. ‘माले’ नाही, ‘तुले’ नाही, कुठे हिंदी घुसलेली नाही. गोडादऱ्याची, खडे चिकटवणारी बाई असं लिहील? मी सुपरवायझर तरुणाला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो हसला. ‘मोबाइलमां बधुं तैयार मळे छे, साहेब. उतरवायचं आणि नाव टाकायचं.’

मग मला तसंच दिसू लागलं. ती मागे का बसते? बोलत का नाही? पानं देताना नजर खाली का होती? मी बायकोच्या मोबाईलवर ते वाक्य टाकून शोधलं. सापडलं नाही. त्यावरून माझी खात्री झाली की तिने ते कुठल्या तरी जुन्या अंकातून घेतलंय, जो मोबाईलवर नाही.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर तिला पुढे बसवलं.

‘आज इथेच काहीतरी लिहून दाखवा. दहा-बारा ओळी. विषय तुमचाच, तुमची गल्ली.’

रेल्वेवाले म्हणाले, ‘परीक्षा आहे का सर? मग आम्हाला कॉपी तरी करू द्या.’ सगळे हसले. तीही हसली, मला वाटतं तिला तोवर काही कळलं नव्हतं.

तिने दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या, खोडल्या.

‘असं एकटं बसून नाही येत सर,’ ती म्हणाली.

‘मग ती चार पानं कशी आली?’

‘ते एकटीचं नाहीये. आमच्या गल्लीतल्या बायका होत्या ना.’

‘म्हणजे तुमचं नाही.’

‘माझंच आहे. पण त्यांचं पण आहे.’

‘दोन्ही कसं असेल?’ मी विचारलं. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, निदान रागाच्या भरात बोललो असं म्हणता आलं असतं. मी शाळेतल्यासारखा शांतपणे, शब्द सुटे सुटे करत म्हणालो, ‘दुसऱ्याचं लेखन आपल्या अंकात छापता येत नाही, ताई.’

शिक्षिकांपैकी एक खिडकीबाहेर बघू लागली. पुढे बसवलेली ती उठली, पिशवी उचलली, दाराशी चपला घातल्या आणि गेली. अंक निघाला, त्यात तिची गोष्ट नव्हती. रविवारी ती पुन्हा आली नाही. मी वर्गाला म्हणालो, बघा, खरी असती तर भांडली असती.

उन्हाळ्यात गोडादऱ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचा साखरपुडा होता. गर्दी होती म्हणून मला वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसवलं. शेजारच्या खोलीत बायका भिंतीला टेकून साड्यांवर खडे चिकटवत होत्या. घरात कार्य असलं तरी माल संध्याकाळी द्यायचाच असतो. एक जण गोष्ट सांगत होती आणि बाकीच्या काम करता करता ‘हं... हं...’ करत होत्या.

आमच्या खानदेशात गोष्ट सांगायची ही रीतच आहे. सांगणाऱ्यासमोर कुणीतरी हुंकारा द्यायला बसावं लागतं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबते. तो हुंकारा ढिला पडला की सांगणारा समजतो, इथे काहीतरी चुकलं, आणि तेवढा भाग पुन्हा बांधतो. माझी आई रोज अशाच गोष्टी सांगायची, आणि हुंकारा देणारा मीच होतो.

गोष्ट बहिऱ्या म्हाताऱ्याची होती.

‘आसं नही वं,’ एक म्हातारी मध्येच म्हणाली. ‘ती आसं नही सांगे. पयले लूम बंद पडस, मंग पोरं रडतस, मंग फोन येस.’

‘तीनागत माले कथं येस, माय,’ सांगणारी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मी दाराशी जाऊन विचारलं, ‘ही गोष्ट कुणाची?’

त्यांनी पदर सावरले. म्हातारीने माझ्याकडे बघून घेतलं. मग म्हणाली, ‘आथीच राहे ती. तीना सासरानी गोष्ट शे. तीच सांगे, आमी नुसता हुंकारा देऊत. आते कडोदराले गयात त्या.’ आणि खडा उचलत, ‘तुमी मास्तर का?’

मी नाही म्हणालो. तेही इथे लिहून ठेवतो.

तिने घरच्या बोलीत, बायकांच्या हुंकाऱ्यावर घासून घासून गोष्ट बांधली होती आणि मग मी सांगितलं म्हणून ती पुस्तकी मराठीत उतरवली. भाषा स्वच्छ होती कारण मी ती स्वच्छ करायला लावली होती. माझा नियम तिने पाळला आणि मी तिला त्याच्यासाठीच पकडलं. वर्गातल्या इतर कुणावर मी असा संशय घेतला नसता. शिक्षिकांनी तेच वाक्य लिहिलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. ती माझ्याच मुलखातली होती, आणि आपल्याकडच्या माणसाला असं येणं शक्य नाही हे मी फार आधी मान्य करून टाकलं होतं. त्याच महिन्यात मी वर्ग बंद केला आणि कारण गुडघ्यांचं सांगितलं.

पत्ता मिळवून सुरतेबाहेर कडोदऱ्याला गेलो. काय बोलायचं ते आठवडाभर घोळवत होतो. पहिल्या वाक्यात माझ्या अनुभवाचा उल्लेख होता, तो काढला. ‘गैरसमज’ हा शब्द काढला. उरलं त्यावरही संशय आला, की मी हे तिच्यासाठी बोलणार आहे की मला झोप लागावी म्हणून.

तिने दार उघडलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. मग ‘सर, तुम्ही?’ म्हणत पाणी आणलं. नवरा घरी होता. ‘हे आमच्या वर्गाचे सर,’ तिने सांगितलं.

‘बसा ना सर,’ तो म्हणाला. ‘हिला लिहायचं लई वेड होतं. आता सुटलं.’

‘सुटलं म्हणजे वेळच नाही,’ ती म्हणाली. ‘सकाळी मीपण कंपनीत जाते. घडी-पॅकिंगला.’

‘तिथे गोष्टी सांगता?’ मी विचारलं.

‘मशीनच्या आवाजात कोण हुंकारा देणार, सर?’

मी चहा प्यायलो. मुलं कितवीत आहेत विचारलं. कडोदऱ्याला पाणी कसं येतं तेही विचारलं. नवरा समोर होता म्हणून बोललो नाही, असं मी जिना उतरताना स्वतःला सांगितलं.

पण ती मागोमाग खाली आली. माझा चष्मा टीपॉयवर राहिला होता. ती एकटी होती, रस्त्यावर आमच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. तिने चष्मा दिला आणि उभी राहिली. काही ऐकायचं असल्यासारखी उभी होती, की माझ्यासारख्या म्हाताऱ्याला नीट रिक्षात बसवावं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

‘रिक्षा इथेच मिळेल का?’ मी म्हणालो.

‘समोरून मिळेल सर. शेअरिंगवाली.’

तिनेच हात करून थांबवली. मी बसलो, ती मागे वळली. रिक्षा हायवेला लागल्यावर मी म्हणालो, ‘ती गोष्ट तुमचीच होती. मी तुम्हाला सगळ्यांसमोर चोर ठरवलं. माझं चुकलं.’

रिक्षावाल्याने मान मागे वळवली. ‘शुं कह्युं, काका?’

‘कंई नहीं,’ मी म्हणालो.