गोलमध्ये आबा, डिफेन्सला मी

प्रजासत्ताक दिनाच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी सहा वाजता, मला फुटबॉल टीमच्या डिफेन्सची कमांड मिळाली. ऑर्डर फोनवर आली. देणारा पंडितनाना, आमच्या पलटणीचा जुना लंगर कमांडर, म्हणजे स्वयंपाकघराचा प्रमुख. आता धुळ्यात खानावळ चालवतो.

"वाल्मीक, या वर्षी डिफेन्स तू बघ. गोलकीपर बदललाय."

"कोण आहे?"

"आबा."

मी जळगावला एका पाइप कारखान्याच्या गेटवर ड्युटीवर होतो. सिक्युरिटी सुपरवायझर. तेवढ्यात एक ट्रक गेटपास न दाखवता समोरून निघून गेला आणि मी त्याला सलाम ठोकला.

आबा म्हणजे नायब सुभेदार आत्माराम पाटील, निवृत्त, वय त्रेसष्ट, राहणार दोंडाईच्याजवळ. त्यांचा मुलगा नाईक भूषण माझ्या सेक्शनमध्ये होता. ड्युटीवर असताना तो शहीद झाला. त्याच्या नावानं आम्ही माजी सैनिक दर सव्वीस जानेवारीला दोंडाईच्यात एक सामना खेळतो. एका बाजूला जळगाव-धुळ्याचे आम्ही रिटायर्ड, दुसऱ्या बाजूला धुळ्याच्या कॉलेजची पोरं. आबा दर वर्षी स्टेजवर खुर्चीत. शाल, श्रीफळ, कप द्यायचा, फोटो. पाच वर्षं त्यांनी हे निमूट केलं. या वर्षी पंडितनानाला म्हणाले, "मी खुर्चीवर बसणार नाही. गोलमध्ये उभा राहीन. नाही जमलं तर पुढं जन्मभर बसवा खुर्चीवर. हूं की चूं करणार नाही."

तरुणपणी आबा त्यांच्या पलटणीचे गोलकीपर होते. पण आता दोन्ही गुडघे गेलेले. एसटीची पायरी चढायला काठी लागते.

इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे. त्या हिवाळ्यात आमची पोस्ट चौदा हजार फुटांवर होती. दिवस ठरलेला. ०५०० ला उठायचं, ०६०० ला चहा, मग फावड्यानं बर्फ काढायचं, बूट सुकवायचे. दुपारी ऊन पडलं तर हेलिपॅडवर अर्धा तास फुटबॉल. एका दुपारी मी, वय वर्षं छत्तीस, पोरांना दाखवायला म्हणून हवेत उलटी किक मारायला गेलो. बॉल जागेवर राहिला. मी डाव्या घोट्यावर उतरलो. दुसऱ्या दिवशीची पेट्रोलिंग पार्टी मी न्यायची होती. माझ्याऐवजी माझा टूआयसी, म्हणजे दुय्यम, भूषण गेला. पार्टी ०६१० ला निघाली. ०९४० ला रिपोर्ट आला, "ऑल ओके, ओव्हर." १०१५ ला मी रेडिओवर बोलावलं, "टायगर वन फॉर टायगर, रिपोर्ट, ओव्हर." उत्तर नाही. पुन्हा बोलावलं. वरच्या उतारावरून बर्फ सुटलं होतं. तिघे जिवंत निघाले. भूषण दुसऱ्या दिवशी ११२० ला सापडला.

तेराव्याला मी आबांना हे सगळं सांगितलं, उलट्या किकसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांच्या अहिराणीत विचारलं, "पाय बरा शे का आते?" तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांचा फोन येतो आणि मी मांडे-आमरस खायला हजर होतो. एखाद्या वर्षी मी तोंड लपवून घरी बसलो असतो, पण त्या माणसानं तशी सोयच ठेवली नाही. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. इथं लिहितो, कारण लिहिताना समोर बघावं लागत नाही.

म्हणून आबा गोलमध्ये म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच ऑब्जेक्टिव्ह ठरलं. बॉल आबांपर्यंत पोचताच कामा नये.

आदल्या दिवशी सकाळी मी घरात फरशीवर सँड मॉडेल केलं, म्हणजे हल्ल्याआधी जमिनीवर मांडतात तसा मैदानाचा नकाशा. आमची माणसं मूग, शत्रू तूर. जळगावात डाळीला तोटा नाही. तीन तास झाले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तो शत्रू उचला. मला कुकर लावायचाय."

नफरी, म्हणजे हाताशी असलेली माणसं, अशी होती. पंडितनाना, गोलच्या पुढचा मधला बॅक, वजन एकशे चार किलो. सरळ उत्तम चालतो, वळायला ट्रॉलीएवढी जागा घेतो. योगेश, गेल्या वर्षीच रिटायर, आमच्यात खरोखर पळू शकणारा एकटा. बाकीचे चष्मा काढला की बॉल आणि रेफरीचं टक्कल यांत फरक न करू शकणारे. आणि मी, डाव्या घोट्यात दोन स्क्रू.

एवढ्या सामानात दोन प्रकारचे डिफेन्स शक्य होते. एक, सगळ्या बॅकनी मैदानाच्या मध्यापर्यंत पुढं जाऊन उभं राहायचं आणि ऑफसाइड ट्रॅप लावायचा. म्हणजे शत्रूचा माणूस पुढं घुसायला लागला, की त्याला पास मिळायच्या आत आपण सगळ्यांनी एकदम पुढं सरकायचं. तो मागं एकटा सापडतो, रेफरी शिट्टी मारतो. दुसरा, सगळ्यांनी मागं येऊन गोलसमोर दाटीनं बसायचं आणि शत्रूला लांबून मारू द्यायचं.

मी पहिला निवडला. एक तर तो मी आर्मीच्या कोर्सला शिकलो होतो आणि शिकलेलं वाया जाऊ नये असं वाटतं. दुसरं म्हणजे त्यात बॉल आबांपासून चाळीस पावलं लांब राहतो. ती चाळीस पावलं मोकळी राहतात, हे मला दिसलं नाही. मुगाच्या दाण्यांना गुडघे नसतात.

मैदानावर मी आबा सोडून सगळ्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात ऑर्डर दिली. आबा गोलपोस्टला काठी टेकवून हातमोजे चढवत होते. आमच्याकडे बघत होते.

०८३० ला सामना सुरू झाला, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन हाफ. चौथ्या मिनिटाला मी हात वर करून ओरडलो, "अप!" सगळे पुढं सरकले. पंडितनानाही सरकला, पण आधी त्याला वळावं लागलं. तोवर त्या पोरांचा दहा नंबर त्याच्या पाठीमागून निघून गेला होता. चाळीस पावलं मोकळं मैदान, पुढं एकटे आबा. ते दोन पावलं पुढं आले. बॉल जाळ्यात.

नवव्या मिनिटाला पुन्हा तेच. या वेळी पंडितनाना वेळेवर सरकला, सगळे सरकले, फक्त एक माणूस मागं राहिला. तो मी. घोटा आखडला. माझा ट्रॅप लागला आणि त्यात मीच. दोन-शून्य.

लोक हसले असते तर बरं झालं असतं. सगळं मैदान गप्प झालं. स्टेजजवळ कुणीतरी खुर्ची पुसताना दिसलं.

"हवालदार!" आबांचा आवाज आला. "इधर आ. डबल."

मी लंगडत डबल, म्हणजे पळत, गेलो. सावधानमध्ये उभा राहिलो.

"जी साहब."

"हाई काय लावं शे तू?"

"साहब, बॉल तुमच्यापर्यंत येऊ नये म्हणून…"

"येस तर शे. बरोबर पोरगाबी येस." त्यांनी हातमोजा घट्ट केला. "पंडितले फिरता येत नही, मंग त्याले फिरावू नको. मना पुढे उभा कर. त्यानं पोट बठ्ठं दार बंद करी टाकी. योगेशले एकटाले पुढे ठेव. बाकी बठ्ठा मांगे. आत कोनले येऊ देऊ नका. बाहेरथीन मारू द्या."

"लांबून शॉट येतील साहब."

"येऊ दे. माले जपू नको, वाल्मीक. माले काम दे. मना गुडघा गयात. हात नही गयात."

ऑर्डर पोचवायला मला एक मिनिट लागलं. पंडितनानाला आनंद झाला. म्हणाला, "पंचवीस वर्षं लंगरमध्ये एका जागेवर उभं राहूनच नोकरी केली रे. आधीच सांगायचं होतंस."

बाराव्या मिनिटाला दहा नंबरनं तीस पावलांवरून पहिला शॉट मारला. आबा अर्धं पाऊल डावीकडं सरले आणि बॉल छातीवर घेतला. केळीच्या बागेत कापणारा घड सोडतो आणि खालचा माणूस तो डाग न पडता खांद्यावर घेतो, तसा. आवाजसुद्धा आला नाही. मग विसाव्या मिनिटाला एक, पंचविसाव्याला दोन. ती पोरं आत घुसायला बघत, आत पंडितनाना आडवा. कंटाळून लांबून मारत, तिथं आबा. मला फारसं काही करावं लागलं नाही आणि टीमचा खेळ सुधारण्याचं तेही एक कारण असावं.

हाफ टाइमला चहा आला. आबांनी उभ्यानंच घेतला. "बसलो तर उठायला क्रेन मागवाल," म्हणाले.

दुसऱ्या हाफमध्ये आबांनी हातानं लांब फेकलेला बॉल योगेशनं पळत जाऊन घेतला आणि गोल केला. दोन-एक. आता लोकांचा आवाज परत आला होता.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला दहा नंबर बॉक्सच्या रेषेपाशी मोकळा सापडला. समोर आबा. पोरानं त्यांच्या पायांकडे बघितलं आणि बॉल हळूच सरपटता सोडला. सरळ त्यांच्या हातात.

आबांनी बॉल उचलला. फेकला नाही. चालत बॉक्सच्या रेषेपर्यंत आले, तिथं बॉल खाली ठेवला आणि पायानं त्या पोराकडे ढकलला.

"भाऊ, हाऊ काय शॉट व्हता?"

पोरगा लाजला. "आबा, तुम्ही…"

"आबा घरी. आठे मी गोलकीपर शे. परत मार. नीट."

ते वळून परत चालायला लागले. कोणीच हललं नाही. रेफरीच्या तोंडात शिट्टी होती, वाजली नाही. बॉल चालू होता, खरं तर कोणीही काढून घेऊ शकत होतं. मी योगेशला ओरडणार, एवढ्यात पंडितनानानं माझा दंड धरला. "हात लावू नको त्या बॉलला."

आबा रेषेवर पोचले. वळले. हात पसरले. म्हणाले, "हं."

त्या पोरानं मारला. पूर्ण ताकदीनं, उजव्या कोपऱ्यात. आबा पडले आणि पडता पडता त्यांची बोटं बॉलला लागली. बॉल बारवरून पलीकडं गेला. आबा काळ्या कडक मातीवर कुशीवर पडलेले. मी डबल सुटलो. त्या वेळी घोटा दुखल्याचं आठवत नाही. जवळ जाऊन वाकलो.

त्यांनी एक डोळा उघडला. "काय पाहस? कॉर्नर शे. पोस्ट धर."

सामना आम्ही दोन-एक हरलो. शेवटच्या मिनिटाला बरोबरी करायची संधी मला मिळाली होती. तो बॉल अजून कोणाला सापडलेला नाही.

दहा नंबर धावत आला आणि आबांच्या पाया पडला. आबांनी त्याला उठवलं आणि डाव्या पायानं कमी मारतोस म्हणून झापलं. मग मला म्हणाले, "पुढल्या वर्षी प्रॅक्टिस आठ दिवस आधी. आणि डिफेन्स मी ठरवीन."

"जी साहब."

मी आणि पंडितनानानं त्यांना दोन बाजूंनी धरून गोलपोस्टला टेकवून बसवलं. पंडितनाना पाणी आणायला गेला. लाउडस्पीकरवर भाषण सुरू झालं होतं. "शहीद भूषण पाटील, एक उत्कृष्ट फुटबॉलपटू…"

आबांनी हातमोजे काढले. इतक्या वर्षांत त्यांनी मला भूषणबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. तेराव्यानंतर मीही त्याचा विषय काढला नव्हता.

"खरं सांग, वाल्मीक," ते म्हणाले. "कसा खेये तो?"

मी आयुष्यात भरपूर थापा मारल्या आहेत. त्या दिवशी मारली नाही.

"आबा, त्याच्याइतका वाईट खेळाडू मी पलटणीत पाहिला नाही. माझ्यासकट."

आबा हसायला लागले. गुडघा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "माले माहीत व्हतं," म्हणाले. "शाळामाबी तसाच व्हता."

मग मी पुढचं सांगितलं. हेलिपॅडच्या एका बाजूला खोल नाला होता. भूषणनं मारलेला बॉल दर दोन-चार दिवसांनी त्यात जायचा. खाली उतरून बॉल घेऊन वर यायला चाळीस मिनिटं लागायची, त्या हवेत श्वास पुरत नसे. तो नाईक होता. कोणत्याही जवानाला पाठवू शकला असता. त्यानं कधी कोणाला पाठवलं नाही.

"सोता जाये?"

"दर वेळी. वर आला की दम लागलेला असायचा, बोलता यायचं नाही. नुसता हसायचा."

आबा त्या हातमोज्यांकडे बघत राहिले. स्टेजवरून त्यांचं नाव पुकारलं. एकदा, मग पुन्हा.

"पुकारू दे," ते म्हणाले. "आखो सांग."

मी सांगत राहिलो.