चारशेचा बल्ब, अडीचशेचा चोक

कापड रंगवायच्या कारखान्यात रंग जुळवायचं काम काकूंचं. नमुन्याचा तुकडा आणि नुकतं रंगवलेलं कापड दिव्याखाली शेजारी शेजारी धरायचं, आणि केसाइतका फरक दिसला तरी माल परत पाठवायचा. त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे.

अलीकडे मात्र त्यांनी पास केलेला करडा रंग उन्हात नेला की तांबूस दिसू लागला. गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा माल परत पाठवला, तेव्हा मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "काकू, डोळे गेले आता तुमचे. घरी बसा." काही जण फिदीफिदी हसले. काकूंचा नवरा तिथलाच वायरमन. तोही दाराशी उभा होता. मान खाली घालून.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. नजर ठणठणीत निघाली.

परत आल्या तेव्हा जेवणाची सुट्टी होती. त्यांच्या खोलीत नवरा शिडीवर, एक बल्ब काखेत, दुसरा हातात.

"जळला नव्हता तो. का बदलताय?"

आधी त्याने उडवाउडवी केली, मग सांगून टाकलं. वरच्या मेटल हॅलाइड दिव्याचा चोक, म्हणजे बल्बला वीज बेतून देणारा डबा, अडीचशे वॅटचा. जुना बल्ब गेला तेव्हा स्टोअरमध्ये चारशेचाच होता. बूड सारखंच, म्हणून त्याने तोच पिळून बसवला. दिवा लागला, पण तो चोक चारशेच्या बल्बला पुरा पडेना, आणि उजेडाचा रंगच फिरला. त्या उजेडात नमुना आणि कापड सारखेच दिसत, फरक उन्हात गेल्यावरच उघडा पडे.

"माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, नवीन आला की गुपचूप बदलू."

"कधी आलं लक्षात?"

"पहिला माल परत आला तेव्हा."

"बल्ब चुकला त्याचं काही नाही हो! चारचौघांत ते मला आंधळी ठरवत होते, तेव्हा तुम्ही जमिनीवर काय शोधत होतात?"

"माझी नोकरी गेली असती."

"आणि माझी गेलेली चालली असती? उतरा खाली!"

बाही धरून त्यांनी त्याला मालकांपुढे उभं केलं. त्याने अडखळत सगळं कबूल केलं. मालक हसले. "चला, घरातल्या घरात मिटलं."

"काही मिटलेलं नाही," काकू कडाडल्या. "सगळ्यांसमोर बोललात, आता सगळ्यांसमोरच शब्द मागे घ्या."

मालकांनी घसा खाकरला, माणसं गोळा केली आणि शब्द मागे घेतले.

अडीचशेचा बल्ब चढला, कापड पुन्हा रंगवलं, तक्रार आली नाही. नवऱ्याशी मात्र काकू कामापुरतंच बोलत.

"किती दिवस धरून बसणार आहेस?" जेवताना त्याने विचारलं.

"मलाही माहीत नाही," म्हणत त्यांनी भाजीचं भांडं त्याच्यापुढे आदळलं.