मोठ्या सिस्टर श्वास मोजत

तान्हं मूल दिसलं की मोठ्या सिस्टर आधी त्याच्या पोटाकडे बघत. गुलमंडीत दुकानदार साडीचा पदर पसरून दाखवतोय आणि सिस्टर शेजारच्या बाईच्या मांडीवरल्या बाळाचे श्वास घड्याळ लावून मोजताहेत, हे मी स्वतः पाहिलंय. मोजायचे तेही पूर्ण मिनिटभर. मी अर्ध्या मिनिटाचे दुप्पट केले की म्हणायच्या, "मॅडम, लेकरू काय दुप्पट करून श्वास घेतं व्हय?"

शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत मी छोटंसं प्रसूतिगृह काढलं, तेव्हा त्या रोज लासूर स्टेशनहून रेल्वेने यायच्या. मी नवखी, त्या मुरलेल्या. आमचं रोज वाजायचं आणि माझा त्यांच्यावर जीवही होता.

दुष्काळाचं साल होतं. वसाहत फोफावली, नळ काही आले नाहीत. टँकर येईल त्या बेताने मी ठरवून करायची सिझेरियन लावू लागले. सिस्टर चिडायच्या. "पोटातल्या लेकराला टँकरचा दिवस कोण सांगणार?"

पिशोरच्या एका बाईचं दुसरं सिझेरियन होतं. सदतीस आठवडे जेमतेम भरलेले आणि पुढच्या आठवड्यात पाणी मिळेल याची खात्री नाही. सिस्टर म्हणाल्या, "दोन आठवडे थांबा. नायतर पाणी असंल तिथं पाठवा." हातची पेशंट दुसरीकडे पाठवायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं देऊ, बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते.

"मदत व्हती, मॅडम. पण दिवस दिवसानंच भरतेत."

पहिलं इंजेक्शन बुधवारी सकाळी दिलं. दुसरं चोवीस तासांनी द्यायचं आणि शुक्रवारी ऑपरेशन. पण गुरुवारचा टँकर बुधवारी दुपारीच दारात येऊन उभा राहिला. ते पाणी शुक्रवारपर्यंत पुरणार नव्हतं. दुसऱ्या इंजेक्शनाची वाट न बघता मी त्याच संध्याकाळी ऑपरेशन उरकलं. उरकलं हाच शब्द खरा.

बाळ रडलं. मी हुश्श केलं. सिस्टर मात्र घड्याळ धरून उभ्या होत्या.

"ब्याऐंशी. साठाच्या आत पायजेत. आन् कण्हतंय बघा लेकरू."

नाकपुड्या फुलत होत्या, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ऑक्सिजन लावून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं ते सिस्टरांनीच. चार दिवस ते काचेच्या पेटीत होतं आणि चार दिवस सिस्टर लासूरला गेल्या नाहीत.

बाळ वाचलं. त्याचा बाप पेढे घेऊन आला. "तुमच्यामुळं वाचलं बघा आमचं लेकरू," म्हणत माझ्या पाया पडला. मी "असू द्या, असू द्या" म्हणाले. सिस्टरांनी पेढा घेतला नाही. तो गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "पाया पडू दिलं तुम्ही त्याला."

महिनाअखेरीस त्यांनी नोकरी सोडली. मी टँकरवाल्यावर चिडले, न आलेल्या नळांवर चिडले, सिस्टरांवरही चिडले. इतकी वर्षं झाली, चिडतेच आहे. त्या माणसाला खरं काय ते सांगायला पिशोर काही फार लांब नव्हतं.