दोन ढग, एक वीट

धम्मदीप गुरुजींनी एकाच दिवशी बाजारात दोनदा केस कापून घेतले होते, हे भामरागडात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या न्हाव्याने "या जी गुरुजी" म्हटलं म्हणून ते बसले. उठून थोडे पुढे गेले तर दुसऱ्याने हाक मारली. त्याला वाईट वाटू नये म्हणून तिथेही बसले. घरी आल्यावर बायकोने, नंदिनीने, त्यांच्या डोक्याकडे बघून विचारलं, "टायफाईड होऊन गेला का तुम्हाले?"

माणूस सिंदेवाहीकडचा, उंच आणि सडपातळ, शाळेत गणित शिकवायचा. गणित चोख. पण समोरच्याने काही मागितलं की तोंडातून "हो" आधी बाहेर पडायचं, विचार मागून यायचा. त्यांची छत्री गेली, सायकल गेली. एकदा तर आत भात शिजत असलेला कुकर शेजारी गेला. मतदारयाद्या, पोलिओचे थेंब, गुरांची मोजणी, काहीही निघालं की साहेब लोक सगळ्या गुरुजींना विचारायचे, "कोण करेल?" आणि बघायचे फक्त धम्मदीप गुरुजींकडे.

नंदिनी सरकारी दवाखान्यात नर्स होती. पेशंटला दरडावून गोळी गिळायला लावणारी बाई. नवऱ्याच्या या स्वभावाचा तिला राग यायचाच, पण त्यात एक शंकाही होती.

"मले पाहाले आले होते, तवा तरी मनापासून हो म्हटलं का?"

"हो."

"हे कोनतं हो होय?"

गुरुजी विचारात पडायचे. त्यांचं ते विचारात पडणं तिला मुळीच आवडायचं नाही.

तिचा भाऊ सूरज पुण्याला कंप्युटरच्या नोकरीत होता. कंपनीने त्याला काही महिने जर्मनीला धाडलं, तिथून येताना त्याने बहिणीसाठी एक मोठा खोका आणला. आत खेळ होता. चुलतबहिणीच्या लग्नात, मांडवात बँड वाजत असताना, त्याने तो समजावून सांगितला. निम्मं ऐकू आलं, निम्मं बँडने खाल्लं. खोक्यातलं नियमांचं पुस्तक जर्मन भाषेत होतं. खोका घरी येऊन कपाटावर चढला.

तो खाली उतरला दोन हजार सहाच्या पावसाळ्यात. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून वाहायला लागलं, रस्ता बंद झाला, शाळेत पोरं येईनात. पत्रूभाऊंनी आपला डोंगा झाडाला बांधून ठेवला होता. मासेमारी बंद, म्हणून ते गुरुजींकडे येऊन बसायचे. बसस्टँडजवळ कलाबाईंची खानावळ होती. बसच नव्हती, तर गिऱ्हाईक कुठून येणार? त्याही येऊन बसायच्या. चहा पिऊन पिऊन चौघं कंटाळले, तेव्हा नंदिनीने खोका काढला.

पुठ्ठ्याचे सहा कोनांचे तुकडे जोडले की एक बेट तयार होई. त्यावर लाकडाची इवलाली घरं बांधायची. फासे टाकले की लाकूड, वीट, धान असे पत्ते मिळत, ते देऊन घर उभं करायचं. आपल्याकडे नसेल ते दुसऱ्याशी अदलाबदल करून घ्यायचं. ज्याची दहा घरं आधी होतील तो जिंकला. जिथे नियम आठवला नाही तिथे कलाबाईंनी नवीन केला.

"आपन बेटावर बसून बेट खेळून राह्यलो," पत्रूभाऊ खिडकीतून पुराकडे बघत म्हणाले.

भांडण झालं एका पत्त्यावरून. त्यावर पांढरं, गुबगुबीत काहीतरी होतं. नंदिनीला आठवत होतं की सूरज मेंढी म्हणाला होता. पत्रूभाऊंनी पत्ता उलटासुलटा करून पाहिला. "पाय कुठी हायेत? हा ढग होय." कलाबाईंनी ढगाच्या बाजूने मत दिलं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "हो, ढगच," आणि नंदिनीकडे बघून म्हणाले, "मेंढीही असू शकते." मग तो ढगच ठरला. पण ढग कोणी घेईना. "ढग तं बाहेर फुकट भेटून राह्यले," कलाबाई म्हणायच्या, "त्याईचं काय लोणचं घालू?"

गुरुजींचं खेळातही तेच. पत्रूभाऊंनी लाकूड मागितलं की दिलं. कलाबाईंनी धान मागितलं की दिलं, वर "आनखी पायजे का?" असं विचारलं. बदल्यात सगळे त्यांना ढग द्यायचे. सगळ्यांची घरं उभी राहायची आणि गुरुजी हातात ढगांचा गठ्ठा घेऊन कौतुकाने बघत बसायचे. शेवटी पत्रूभाऊच वैतागले.

"गुरुजी, असं नोका खेळू जी. मले जिंकाची शरम वाटते."

तेव्हा नंदिनीने नियम काढला. प्रत्येक डावात गुरुजींनी एकदा तरी 'नाही' म्हणायचंच, तसं न म्हटल्यास एक घर मोडायचं.

पहिला डाव फार अवघड गेला. गुरुजींना घाम फुटला. त्यांच्याकडे एकच वीट होती आणि ती नंदिनीनेच मागितली. त्यांनी ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"न... नाई."

कलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. नंदिनीला मात्र काय वाटलं कोण जाणे, नियम तिचाच होता, तरी ती म्हणाली, "मलेच काऊन नाई म्हटलं?"

गुरुजींना तो शब्द आवडला. नवीन सायकल मिळालेल्या माणसासारखे ते 'नाई' घेऊन गावभर हिंडले. कलाबाईंनी चहा पुढे केला तर "नाई." शेजारच्याने "जेवले का?" विचारलं तर "नाई", आणि ते तर नुकतेच जेवून उठले होते, बिचाऱ्याने घरात नेऊन पुन्हा वाढलं. नंदिनीने पाणी भरायला सांगितलं तेव्हाही ते "नाई" म्हणाले, पण तो प्रयोग त्यांनी लगेच मागे घेतला.

मधे एक दिवस पाणी उतरलं तेव्हा जिल्ह्याहून एक साहेब आले आणि पाणी पुन्हा चढल्यावर अडकले. त्या वर्षी कोंबड्यांच्या आजाराची मोठी धास्ती होती. घरोघरी कोंबड्या मोजायचं काम घेऊन ते आले होते, आणि ते कोणाला मिळणार हे सांगायची गरजच नव्हती. साहेबांचं जेवण कलाबाईंकडे. रिकामे साहेब दिवसभर भाजीत मीठ कसं हवं ते सांगायला लागले, तेव्हा कलाबाईंनी त्यांना हाताला धरून गुरुजींच्या घरी आणलं आणि आपल्या जागेवर बसवलं.

"ढगाने घर कसं बांधतात?" साहेबांनी विचारलं. थोड्याच वेळात तेच ओरडत होते, "दोन ढग घ्या, एक वीट द्या!"

तिसऱ्या डावात साहेबांची नऊ घरं झाली, नंदिनीचीही नऊ. दोघांना एकेक वीट हवी होती आणि सगळ्या विटा गुरुजींकडे होत्या.

"गुरुजी, वीट द्या," साहेब म्हणाले.

"नाई."

पत्रूभाऊंच्या तोंडातली विडी गळून पडली. साहेबांनी असा शब्द बऱ्याच वर्षांत ऐकला नसावा.

"दोन ढग देतो."

"ढग नोको."

"तीन ढग आणि धान?"

"नाई जमत, साहेब."

साहेब उठून खोलीत फिरले. परत येऊन बसले, पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "ती कोंबड्यांची मोजणी तुमच्यावरून काढतो."

नंदिनी मान हलवून 'देऊ नका' असं खुणावत होती. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, विटेकडे पाहिलं, आणि वीट साहेबांना दिली. साहेब जिंकले. हात वर करून असे नाचले की बेटाचे दोन तुकडे खाटेखाली गेले.

"पन साहेब," पत्रूभाऊंनी विचारलं, "कोंबड्या मोजन कोन मंग?"

साहेब खुशीत होते. "हा आजाराचा विषय आहे," ते म्हणाले, "म्हणजे दवाखान्याचा." आणि ते नंदिनीकडे बघून हसले.

दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज फार होता. तिसऱ्या दिवशी नंदिनी वही घेऊन निघाली. कोंबडी काही नाव सांगत नाही. मोजलेली पुन्हा समोर येते. म्हणून नंदिनीने दवाखान्यातलं जांभळं औषध बरोबर घेतलं होतं. मोजली की एका पायाला बोट लावायचं. पहिल्याच अंगणात तिने वळून पाहिलं तर धोतरासारखी लुंगी खोचून गुरुजी एका कोंबड्याच्या मागे धावत होते.

दिवसभर ते धरत होते, ती रंगवत होती. ते दोनदा चिखलात पडले. एका घरी तर घाईत म्हाताऱ्या इतवारीबाईंच्या अंगठ्यालाच रंग लागला. संध्याकाळी एका धानाच्या कोठीखालून गुरुजी सरपटत बाहेर आले, डोक्यात पिसं, काखेत ओरडणारी कोंबडी.

"तुम्ही काऊन आले?" नंदिनीने विचारलं. "मी तं बोलावलं नोतं."

"म्हनूनच आलो," गुरुजी म्हणाले. "हे कोनी मांगितलं नोतं."

कोंबडीचा पाय रंगवताना नंदिनीने त्यांच्या नाकालाही जांभळं बोट लावलं आणि पुढच्या घराकडे चालू लागली.

पाणी ओसरलं, साहेब गेले, आणि भामरागडात बरेच दिवस जांभळ्या पायाच्या कोंबड्या हिंडत राहिल्या. दिवाळीनंतर साहेब पुन्हा आले. या वेळी काम काहीच नव्हतं, बरोबर त्यांच्या पत्नी होत्या. बाई शांत, चष्मा लावणाऱ्या. "मला काही येत नाही हं," म्हणत त्या खेळायला बसल्या आणि लागोपाठ चार डाव जिंकल्या. साहेबांची घरं एकदाही दहापर्यंत पोचली नाहीत. शेवटची बस दोनदा हॉर्न देऊन निघून गेली. "एक डाव, फक्त एक," साहेब म्हणत राहिले. कलाबाई कपाळाला हात लावून उठल्या आणि आणखी दोघांचं पीठ मळायला घेतलं.